वाचकांचे प्रश्न : डबलसीट, ऊडनाडाटा ट्रॅक

प्रश्न : आम्ही नवरा-बायको एकाच बाइकवर ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक करणार आहोत. पेट्रोल, पाणी, टायर यांचं काय? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : हा वाळवंटातला कच्चा रस्ता, मारी ते मार्ला या दोन टोकांमध्ये सुमारे ६२० किलोमीटर. मध्ये पेट्रोल फक्त विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा इथं, म्हणजे साधारण दर २०० किलोमीटरला. दोघांचं वजन, सामान, समोरचा वारा यांनी अ‍ॅव्हरेज पडतंच. म्हणून ३०० किलोमीटर पुरेल इतकं पेट्रोल ठेवा. पाणी माणशी रोज किमान ५ लिटर, शिवाय राखीव. मे महिन्यातलं परभणी सोसलेल्यांनीही तिथल्या हिवाळ्यातच, जून ते ऑगस्टमध्ये जावं.

खडबडीत रस्त्यावर हवा थोडी उतरवा. पण मागच्या चाकात फार कमी केलीत, तर दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. दोन्ही चाकांच्या ट्यूब, लिव्हर, पंप सोबत हवेतच. धक्क्यांनी कॅरिअरचे बोल्ट सैल होतात, रोज आवळा.