एवढ्याशा दीर्घिकेत एवढे कृष्णविवर?

प्रश्न : वांगणीच्या आकाशदर्शनात देवयानी दीर्घिकेशेजारचा एक अंधूक ठिपका दाखवून, तीही स्वतंत्र दीर्घिका असून तिच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर आहे, असे सांगण्यात आले. एवढ्याशा दीर्घिकेत ते मावते कसे आणि वाढले कसे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपण पाहिलात तो ठिपका म्हणजे एम ३२. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल जांतील यांनी १७४९ मध्ये तिची नोंद केली होती आणि संहत (म्हणजे लहान पण ताऱ्यांनी दाट भरलेल्या) लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा विषय निघाला की आजही पहिले नाव तिचेच येते. मावण्याचा प्रश्न तसा उद्भवतच नाही. तिच्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे २५ लाख सूर्यांइतके असले, तरी त्याची त्रिज्या जेमतेम ७५ लाख किलोमीटर भरते, म्हणजे ते बुधाच्या कक्षेतही सहज सामावेल. हे वस्तुमान काढतात ते केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या वेगावरून, आणि तो वेग त्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा किती सरकल्या व रुंदावल्या यावरून कळतो.

वाढीचा प्रश्न मात्र खरोखर रंजक आहे. कन्या या दीर्घिकांच्या समूहातील एम ६० या मोठ्या दीर्घिकेजवळ एम ६०-यूसीडी १ नावाची, एम ३२ हूनही चिमुकली दीर्घिका आहे. तिच्या केंद्रात सुमारे २ कोटी १० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. आपल्या आकाशगंगेतील कृष्णविवराच्या ते जवळपास पाचपट असून त्या दीर्घिकेच्या एकूण वस्तुमानाचा सुमारे १५ टक्के वाटा एकट्या त्याचा आहे. एरवी हे प्रमाण एक टक्क्याच्याही आत असते. येथे कृष्णविवर अवाजवी वाढले असे मानण्यापेक्षा दीर्घिकाच झिजली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. बलाढ्य शेजाऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने बाहेरचे सैल बांधलेले तारे ओढून नेले आणि आंब्याचा गर जाऊन कोय उरावी तसा घट्ट गाभा तेवढा शिल्लक राहिला. अशा दीर्घिकांच्या ताऱ्यांत जड (हायड्रोजन व हेलियमहून जड) मूलद्रव्ये त्यांच्या आकारमानाला न शोभणाऱ्या, मोठ्या दीर्घिकांत आढळणाऱ्या प्रमाणात सापडतात, हाही त्याला दुजोराच.

तरीही हा नियम सरसकट लावू नये, असे आमचे मत आहे. काही संहत दीर्घिका कोणत्याही मोठ्या शेजाऱ्यापासून दूर, एकट्या आढळल्या आहेत. त्या आधी सोलवटल्या गेल्या आणि मग समूहाबाहेर भिरकावल्या गेल्या, असे २०१५ मध्ये सुचवण्यात आले. एम ३२ मध्ये तर कृष्णविवराचे प्रमाण चारचौघींसारखेच आहे. सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी देवयानीने गिळलेल्या एका मोठ्या दीर्घिकेचा ती गाभा असावी, हे २०१८ मधील अनुमान मुख्यतः देवयानीभोवती विखुरलेल्या ताऱ्यांच्या अभ्यासावर आधारलेले आहे, कृष्णविवराच्या आकारावर नव्हे.