बाई जिन्यात का बसल्या?

नव्याने क्लिनिक थाटणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला: "वेटिंग रूममध्ये सुगंध कोणता ठेवू? आलेला माणूस जरा निवांत व्हायला हवा." मी आधी माझी फजिती सांगते.

काही वर्षांपूर्वी मी हौसेने डिफ्यूझर आणला आणि सढळ हाताने लॅव्हेंडरचं तेल घातलं. त्याच आठवड्यात चाळिशीच्या एक बाई (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत) समुपदेशनाच्या दुसऱ्या सेशनला आल्या. वेळ झाली तरी आत येईनात. बघते तर जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. म्हणाल्या, "इथे वारा येतो." त्या जिन्याला खिडकीच नाही.

पुढच्या वेळीही तेच. मी वहीत 'टाळाटाळ' असं लिहूनसुद्धा टाकलं. ती नोंद वाचली की अजून ओशाळायला होतं. चौथ्या सेशनला त्याच बोलल्या. "मॅडम, रागावू नका. आईच्या शेवटच्या महिन्यांत खोलीतला वास झाकायला मी हेच फवारायचे. आता लॅव्हेंडर आला की त्याच्याखालचा तो दुसरा वासही येतो. इथे तो नाही, हे कळतं मला. मला वेड तर लागत नाहीये ना?"

नाही लागत. डोळ्यांचा, कानांचा निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर जातो. वासाचा निरोप ते ठाणं न घेता जवळजवळ थेट अमिग्डलापाशी, म्हणजे भीती आणि भावनांच्या केंद्रापाशी पोचतो. त्यामुळे वासाचं नाव आठवायच्या आत छाती धडधडायला लागते. दातांच्या दवाखान्यात युजेनॉलचा, म्हणजे लवंगेचा वास आला की काहींचे तळहात घामेजतात, तेही असंच.

सुगंधाचा उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २००५ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी दातांच्या दवाखान्यात २०० रुग्णांवर संत्रं आणि लॅव्हेंडरचे वास तपासले, आणि वाट बघणाऱ्यांची चिंता कमी झालेली दिसली. पण ती सरासरी. जिन्यात बसलेल्या बाई त्या सरासरीत बसत नव्हत्या. दम्याचे आणि मायग्रेनचे लोकही बसत नाहीत.

आणखी एक गोची आहे. दिवसभर तिथेच असणाऱ्याचं नाक काही मिनिटांत सरावतं. आमच्या रिसेप्शनिस्टला वास येईनासा झाला की ती बिचारी आणखी चार थेंब घालायची.

मी डिफ्यूझर बंद केला. खिडकी उघडी ठेवायला लागले, फिनाइलने पुसणं संध्याकाळवर ढकललं. खोलीला कसलाच वास नसणं हाच बहुतेकांना दिलासा असतो, असं माझं मत झालंय. सुगंध हवाच असेल तर बंद बाटलीत ठेवावा. ज्याला हवा तो झाकण उघडेल.

बाई पुढच्या वेळी आत बसल्या, अगदी दाराजवळच्या खुर्चीत. तीनेक महिन्यांनी त्यांनी आपणहून ती लॅव्हेंडरची बाटली मागितली. झाकण उघडलं, हात लांब धरूनच एकदा वास घेतला. डोळे भरले होते. झाकण फिरवत म्हणाल्या, "आज एवढंच बास."