औषध डीएनएत शिरलं, हे मोजतात कसं?

प्रश्न : मामीला नागपूरला लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध चढवतात. 'ते डीएनएत शिरतं' असं डॉक्टर म्हणाले. कॉलेजात ऑप्टिकल ट्वीझर्सचं नाव ऐकलं होतं. त्यानं हे मोजता येतं का? – एक विद्यार्थिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : येतं, तेही लांबीवरून. ऑप्टिकल ट्वीझर्स म्हणजे लेझरच्या प्रकाशाचा चिमटा; त्यानं डीएनएचा धागा धरून ताणतात. डीएनए ही पीळ दिलेली दोराची शिडी. दोन पायऱ्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर. बाभळीचं लाकूड फोडताना पाचर मारावी तसा डॉक्सोरुबिसिनचा चपटा भाग पायऱ्यांमध्ये शिरतो आणि साधारण तेवढीच नवी जागा करतो. धागा लांबतो, पीळ सैलावतो.

प्रयोगाला बहुधा लॅम्डा विषाणूचा डीएनए घेतात : ४८,५०२ जोड्या (म्हणजे पायऱ्या), लांबी साडेसोळा मायक्रॉन. त्याच्या टोकांना बायोटिन आणि पॉलिस्टायरीनच्या मण्यांना स्ट्रेप्टाव्हिडिन (ही दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात) लावलं की धागा दोन मण्यांमध्ये पक्का बसतो. १०६४ नॅनोमीटरचा लेझर भिंगातून एका बिंदूवर आणला की मणी तिथेच अडकून राहतो. (या शोधासाठी आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं.) ओढताना मणी त्या बिंदूपासून किती सरकला, यावरून ताण कळतो.

औषधाआधी नुसता धागा ताणून बघायचाच. ६५ पिकोन्यूटनच्या (हे अतिसूक्ष्म बळाचं एकक) आसपास ताण फारसा न वाढता तो १.७ पट लांब होतो. हेच १३०ला घडलं तर मण्यांमध्ये दोन धागे अडकलेत. ती मण्यांची जोडी टाकून द्या.

मग मणी औषधाच्या प्रवाहात न्यायचे, ताण कायम ठेवायचा आणि लांबी स्थिरावेपर्यंत थांबायचं. दहा जोड्यांमागे एक रेणू बसला तर एकूण ४,८५० रेणू, म्हणजे धागा १.६५ मायक्रॉननं वाढला.

फसगत होते ती इथेच. ताणलेल्या शिडीत पाचर सहज जाते, त्यामुळे ताण वाढवला की औषधही जास्त बसतं. म्हणून १०, २०, ३० पिकोन्यूटनला मोजून आलेख शून्य ताणापर्यंत मागे न्यावा लागतो. शिवाय हे औषध नळीला आणि काचेला चिकटतं; बाटलीवरची तीव्रता धाग्यापर्यंत पोचतच नाही. आधी द्रावण बराच वेळ वाहू द्यावं. मिठाचं प्रमाणही बदलू नये : औषधावर धन प्रभार असतो, मीठ वाढलं की पकड सुटते.

मामींचा डोस मात्र यावरून ठरत नाही. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून आणि हृदयाची तपासणी पाहून डॉक्टर तो ठरवतात. औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ती औषधाच्या रंगानं. मामींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत. त्याहून जास्त दिवस राहिली तर दवाखान्यात कळवा.