'डाळिंबांचा रंग' पहिल्यांदा बघणार असशील तर

आधी एक कर, कथा शोधायचं सोड. सर्गेई पाराजानोव यांच्या या १९६९ च्या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच आणि कॅमेरा जागचा हलत नाही. लघुचित्रांची पोथी चाळतोय असं समजून बघ. मठाच्या छपरावर वाळत घातलेली भिजलेली पुस्तकं, वाऱ्यात फडफडणारी पानं... मला तेवढं एक दृश्यही पुरलं असतं!

हा चित्रपट ज्याच्यावर आहे तो सायत-नोवा कोण, हे मात्र वाचून जा. अठराव्या शतकातला आर्मेनियन कवी-गायक, आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी अशा तीन भाषांत रचना करणारा. जॉर्जियाच्या राजदरबारात होता, पुढे धर्मगुरू झाला. तरुण कवी आणि त्याची प्रेयसी, दोन्ही भूमिका सोफिको चियाउरेलीच करते. हे माहीत नसेल तर गोंधळशील. (मी गोंधळलो होतो.)

चित्रपटाचं मूळ नाव 'सायत-नोवा'च होतं. यातून कवीचं चरित्र कळत नाही, असं म्हणत सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ते नाव काढायला लावलं. नंतर दिग्दर्शक सर्गेई युत्केविच यांनी फेरसंकलन करून आणखी एक आवृत्ती बनवली. म्हणून कुठली प्रत हाती लागलीय ते तपास. २०१४ मध्ये पुनरुज्जीवित झालेली आर्मेनियन आवृत्ती (युत्केविच यांच्या फेरसंकलनाआधीची) मिळाली तर तीच घे.

आणि पाराजानोव याच चित्रपटामुळे तुरुंगात गेले असं कुणी सांगितलं, तर लगेच मान डोलवू नकोस. अटक १९७३ ची, आरोपही वेगळे. सत्तेची खप्पामर्जी मात्र जुनीच.