परदेशातल्या संघटनेशी संबंध जोडायचे आहेत, सामंजस्य करारापासून सुरुवात करावी का?

अभियंत्यांच्या तुमच्या संघटनेला दुसऱ्या देशातल्या तशाच संघटनेशी संबंध जोडायचे आहेत आणि आधी सामंजस्य करार करावा का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं स्पष्ट मत आहे की करार नंतर करा, आधी एखादं काम हातात घ्या.

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय संबंध विभागात मी बरीच वर्षं काम केलं. थाटामाटात सह्या झालेले आणि मुदत संपेपर्यंत फाइलबाहेर न आलेले करार तिथे भरपूर पाहिले. सही करणारे पदाधिकारी बदलतात, आणि त्यांच्या जागी आलेल्यांना त्या कागदाबद्दल काही आस्था नसते.

फ्रान्स आणि जर्मनी यांच्या मैत्रीचा दाखला नेहमी दिला जातो. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी २२ जानेवारी १९६३ रोजी दोन्ही देशांच्या मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या, हे बहुतेकांना माहीत असतं. पण लुडविग्सबुर्ग हे जर्मन आणि माँबेलियार हे फ्रेंच शहर १९५० मध्येच भगिनी शहरं म्हणून एकमेकांशी जोडली गेली होती. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा पाचच वर्षं झाली होती! करार झाल्यावरही दोन्ही सरकारं नुसत्या शब्दांवर थांबली नाहीत. त्याच वर्षी त्यांनी तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं, आणि ते दोघांच्या पैशांवर आजही चालतं.

आपल्याकडचं उदाहरण आयआयटी कानपूरचं. १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी विद्यापीठांनी मिळून तिच्या उभारणीला मदत केली. तिथले प्राध्यापक कानपूरला येऊन राहिले, शिकवू लागले, अभ्यासक्रम आखायला बसले. आयबीएम १६२० हा संगणक १९६३ मध्ये तिथे आला. त्याच्याबरोबर तो वापरायला शिकवणारी माणसंही होती, हे मला यंत्राहून मोठं वाटतं. कार्यक्रम संपला तरी ते शिक्षण तिथे रुजलेलंच राहिलं.

म्हणून अध्यक्ष-सचिवांचे चार दिवसांचे दौरे कमी करा. त्या पैशांत मधल्या फळीतल्या दोघातिघांना निदान तीन महिने तिकडे पाठवा आणि तिकडच्या तितक्याच जणांना इकडे बोलवा. ही माणसं अजून वीस वर्षं व्यवसायात असणार आहेत. त्यांना नेमकं काम द्या. जुन्या पुलांची तपासणी दोन्हीकडे कशी होते, कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, कुठे फरक पडतो, हे त्यांनी एकत्र लिहून काढावं. एकमेकांच्या कामाची पद्धत कळली की पुढचे विषय त्यांना आपोआप सुचतात.

खर्च दोघांनी उचलायला हवा, कारण एकटाच पैसे देणारा हळूहळू विषयही एकटाच ठरवू लागतो. भारत आणि फ्रान्स यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेल्या संशोधन केंद्रात दोन्ही सरकारं पैसे घालतात, आणि प्रकल्पात दोन्ही देशांतले संशोधक असावे लागतात. तुमची ऐपत कमी असेल तर राहण्याची सोय, प्रयोगशाळा, माणसांचा वेळ या रूपात वाटा उचला. पण वाटा हवाच.

तुमचे तरुण सभासद सगळ्यात आधी विचारतील की आमची पदवी तिकडे चालेल का. त्यांना खोटी आशा लावू नका, ही कळकळीची विनंती. १९८९ मध्ये सहा देशांतल्या संस्थांनी वॉशिंग्टन अकॉर्ड हा करार केला आणि भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. पण त्यातून अभियांत्रिकीच्या मानांकन मिळालेल्या अभ्यासक्रमांची समकक्षता मान्य होते. सरसकट सगळ्या पदव्या त्यात येत नाहीत आणि व्यवसायाचा परवाना तर वेगळाच काढावा लागतो. परवान्याची तिकडची प्रक्रिया समजावून सांगणारा एक माणूस त्यांच्या संघटनेनं नेमून दिला, तरी सभासदांच्या दृष्टीनं ते मोठं काम होईल.

पहिलं काम पार पडलं की करार लिहायला घ्या. दोन पानांचा पुरे. दोन्हीकडे रोजचा पत्रव्यवहार कोणत्या पदावरची व्यक्ती सांभाळणार, वर्षाला किती रक्कम बाजूला ठेवायची, आढावा कोणत्या महिन्यात घ्यायचा आणि एकत्र लिहिलेल्या अहवालावर हक्क कुणाचा, एवढं त्यात असू द्या. पत्रव्यवहार पगारी कर्मचाऱ्याकडे द्या. मानद सचिव स्वतःचा व्यवसाय सांभाळून हे करतात, आणि उत्तराला दोन महिने लागले की समोरचे दुसरीकडे वळतात.