व्हाउचरवर सही केली, आता उरलेला क्लेम मागता येईल का?

प्रश्न : माझ्या कापडाच्या गोदामाला आग लागली. सर्व्हेअरने 18 लाखांचे नुकसान धरले. विमा कंपनीने 11 लाखच देऊ केले आणि 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या व्हाउचरवर सही केल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत, असे सांगितले. कर्जाचे हप्ते थकले होते. नऊ दिवसांपूर्वी सही केली, पैसे जमा झाले. उरलेले 7 लाख मिळतील का?

उत्तर : मागण्याचा हक्क सहीमुळे आपोआप जात नाही. पण नऊ दिवस गेले आहेत, याची मला जास्त काळजी वाटते.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 63 प्रमाणे आपले येणे कमी घेऊन मिटवण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. घासाघीस करून राजीखुशीने आकडा मान्य केला असेल, तर नंतर माघार घेता येत नाही. तुमचे तसे झाले असेल, तर कृपया पुढे खर्च करू नका. मात्र कबूल रक्कमही सही होईपर्यंत अडवून धरणे हा आर्थिक दबाव ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या बोघारा पॉलिफॅब निकालात मान्य केले आहे. विमा नियामकानेही 24 सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले, की विमाधारक दाद मागायला गेला तर डिस्चार्ज व्हाउचर (तुम्ही सही केलीत तशी पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती) त्याच्या आड आणू नका.

आता दुसरी बाजू. 2014 च्या जीनस पॉवर प्रकरणात विमाधारकाने सही केली, पैसे घेतले आणि जवळपास तीन आठवड्यांनी दबावाची तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही, कारण सहीच्या सुमारास विरोध नव्हता आणि दबाव कसा आला याचा तपशीलही नव्हता. म्हणून आजच कंपनीला ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. 'माझ्यावर दबाव आणला' एवढ्याने भागत नाही. कोणत्या तारखेला, कोणी, काय सांगितले ते लिहा. बँकेची थकबाकीची नोटीस जोडा. 11 लाख ही अंशतः रक्कम म्हणून निषेध नोंदवून ठेवून घेतो, असे स्पष्ट म्हणा. पैसे परत करू नका. कंपनीच्या माणसाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील, तर फोन बदलू नका, काही पुसू नका. पुढे ग्राहक आयोगात जावे लागले, तर ते भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 मधील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या प्रमाणपत्रासह दिलेले बरे.

त्याच पत्रात सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि 7 लाख कापण्याची कारणे मागा. सर्व्हेअरचा आकडा अंतिम नसतो, पण तो बाजूला सारायचा तर कंपनीला सबळ कारण द्यावे लागते. माझ्या मते तुमची खरी ताकद इथेच आहे.

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. धंद्याचा विमा म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा आक्षेप येईल. नुकसानभरपाईसाठी घेतलेल्या विम्याबाबत तो सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या हरसोलिया मोटर्स निकालात फेटाळला आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. निषेधाच्या पत्राला मात्र तेवढी सवड नाही, आणि वकिलाच्या शोधात ते अडवून ठेवू नका. साध्या मराठीत तुम्ही स्वतः लिहिलेले पत्रही चालते.