चुकीच्या पत्त्यावर गेलेले यूएसडीटी आणि वाया गेलेले सहा आठवडे

प्रश्न : क्रिप्टो एक्सचेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचाच्या) वॉलेटमधून 1,800 यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेली क्रिप्टो नाणी) पाठवताना जुन्या व्यवहारांच्या यादीतला भलताच पत्ता कॉपी झाला. तो गेल्या वर्षी ज्याला पैसे दिले होते त्या माणसाचा, त्याच एक्सचेंजवरचा निघाला. आता त्याचा नंबर लागत नाही. सहा आठवडे चॅटवर विचारतोय. ‘पत्त्याची जबाबदारी ग्राहकाची’ एवढंच उत्तर येतं. पैसे बुडाले का?

उत्तर : अशी पत्रं आता सारखी येतात. झालेला व्यवहार उलटवता येत नाही, ते सोडून देऊ.

एक्सचेंज दाखवतंय ती अट तुमच्या आणि त्यांच्यामधली आहे. तिने फार तर एक्सचेंज सुटेल. समोरचा खातेदार त्या नाण्यांचा मालक होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 72 सांगतं की चुकून दिलेले पैसे ‘किंवा दिलेली कोणतीही वस्तू’ परत करावी लागते. देणाऱ्याने काळजी घेतलेली असावी, अशी अट त्या कलमात नाही. क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं आहे; तुमचं न्यायालय तसंच म्हणेल, याची हमी मी देत नाही.

दाव्याला चूक लक्षात आल्यापासून साधारण तीन वर्षं मिळतात. त्यावर विसंबू नका. नाणी खासगी, म्हणजे एक्सचेंजच्या ताब्याबाहेरच्या, वॉलेटमध्ये हलवायला काही मिनिटं पुरतात, आणि तुम्ही सहा आठवडे चॅटवर घालवलेत! चॅट म्हणजे नोटीस नव्हे. आजच एक्सचेंजच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टने नोटीस पाठवा : ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ओळख-क्रमांक), वेळ, दोन्ही पत्ते, तेवढी रक्कम रोखून ठेवण्याची आणि खातेदाराला कळवण्याची मागणी. मार्च 2023 पासून एक्सचेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे, म्हणजे खातेदाराचं केवायसी त्यांच्याकडे असायला हवं. तुम्हाला नाव सांगणार नाहीत. न्यायालयाने मागितलं तर द्यावं लागेल. म्हणून नोटिशीच्या उत्तराची वाट न पाहता दावा आणि (नाणी हलवू नयेत यासाठी) तात्पुरत्या मनाईचा अर्ज तयार ठेवा. आपल्याकडे दिवाणी न्यायालयात पहिल्या तारखेलाच किती दिवस जातात, ते वेगळं सांगायला नको. फौजदारी तक्रारीचं, तो जाणूनबुजून नाकारतो का हे कळल्यावर पाहू.

आणि पुढच्या वेळी आधी दहा यूएसडीटी पाठवा, मिळाल्याचं फोनवर विचारा, मग उरलेले. पत्ता नीट लिहिलाय का, तेवढंच वॉलेट तपासतं; माणूस बरोबर आहे का, ते त्याला कळत नाही.